दुष्काळ, साखर आणि मुलांचें रक्त



रक्त तपासण्याची सोय आतां तालुक्याच्या गांवींहि झाली आहे. एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला कांहीं कारणानें दवाखान्यांत नेलें, डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं हातीं आलेल्या कागदावर ‘ट्रायग्लिसराइड’ या शब्दापुढें जाड अक्षरांत छापलेला आंकडा पाहून आईचा जीव थाऱ्यावर राहिला नाहीं, असा प्रसंग आज अनेक सुशिक्षित कुटुंबांत घडतो. घरांत पहिला प्रश्न निघतो तो असा : “याला इतकें तूप कोण वाढतें?” आजी तुपाची वाटी उचलून ठेवते, अंडें बंद होतें, आणि मूल चार बिस्किटें हातांत घेऊन खेळावयास जातें. या लहानशा प्रसंगांत जी चूक आहे, ती समजून घ्यावयाची तर वैद्यकाचा इतिहास आणि आपल्या भूमीचा इतिहास हे दोन्ही थोडेसे उलगडून पाहावे लागतात. आजच्या भाषणांत तेंच करण्याचा माझा विचार आहे. त्यासाठीं मीं जिल्हा निवडला आहे तो अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर. कारण दुष्काळ आणि साखर या दोन गोष्टी याच्या इतिहासांत जशा अगदीं मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, तशा क्वचितच दुसरीकडे दिसतील.

प्रथम या पदार्थाची ओळख करून घेऊं. शेव्रल नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१५ च्या सुमारास पित्ताच्या खड्यांत सांपडणाऱ्या मेणासारख्या पदार्थाला ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून नांव दिलें. त्याचेंच आजचें रूप कोलेस्टेरॉल. नांव खड्यावरून पडलें, म्हणून हा पदार्थ जणूं जन्मतःच बदनाम झाला. वस्तुतः त्याच्यावांचून देह उभाच राहणार नाहीं. पेशींच्या आवरणाला त्याच्यामुळें बळकटी येते, पित्तरस त्यापासून होतो, आणि वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या शरीरांत जे अंतःस्राव नव्यानें वाहूं लागतात, त्यांतील मुख्य स्राव त्यापासूनच बनतात. यांतील बराचसा भाग आपलें शरीर स्वतःच तयार करतें.

मेद पाण्यांत विरघळत नाहीं, आणि रक्त तर पाण्यासारखें. म्हणून निसर्गानें मेदाच्या वाहतुकीसाठीं सूक्ष्म नावा निर्माण केल्या आहेत. एल.डी.एल. नांवाची नाव कोलेस्टेरॉल शरीरभर पोंचविते. तिची गर्दी झाली म्हणजे माल रोहिण्यांच्या भिंतींत उतरूं लागतो. एच.डी.एल. ही परतीची नाव. उरलेला माल ती यकृताकडे माघारी आणते. ट्रायग्लिसराइड हा मात्र निराळा मेद. तो शरीराचें इंधन आहे. खाल्लेल्या तेलातुपांतून तो येतो, तसाच जास्तीच्या पिठापासून व साखरेपासून यकृतहि तो तयार करतें. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढील सर्व विवेचनाची किल्ली तिच्यांत आहे.

मुलांसाठीं ठरविलेल्या मर्यादा प्रौढांहून थोड्या निराळ्या आहेत. दर शंभर मिलिलिटरमागें एकूण कोलेस्टेरॉल १७० मिलिग्रॅमच्या आंत असावें. २०० किंवा अधिक झालें तर तें जास्त. एल.डी.एल. १३० वर गेलें तर जास्त, एच.डी.एल. ४० च्या खालीं आलें तर कमी. ट्रायग्लिसराइड दहा वर्षांच्या आंतील मुलांत १०० आणि त्यापुढें एकोणीस वर्षांपर्यंत १३० झालें म्हणजे तें जास्त मानावयाचें.

परंतु मुलांच्या रक्तांत हें सारें शोधावें तरी कां? हा रोग उतारवयाचा, अशीच समजूत फार दिवस होती. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अनिच्कोव्ह या तरुण संशोधकानें सशांना कोलेस्टेरॉल खाऊं घातलें आणि त्यांच्या रोहिण्यांच्या भिंती मेदानें जाड झालेल्या दाखविल्या; तरीहि ती समजूत ढळली नाहीं. ती ढळविली एका युद्धानें. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या तीनशें अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय अवघें बावीस, प्रकृति धडधाकट. आणि तरी शेंकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा आढळल्या. बाविसाव्या वर्षीं दिसणारी खूण एकविसाव्या वर्षीं उगवलेली नसते. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील बोगालुसा या लहानशा शहरांत डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनीं मुलांचीच पाहणी सुरू केली, आणि त्यांतील जीं मुलें व तरुण अपघातादि कारणांनीं दगावले त्यांच्या रोहिण्याहि तपासल्या. जिवंतपणीं ज्यांच्या रक्तांतील मेद बिघडलेला होता, त्यांच्या रोहिण्यांतील मेदाच्या रेघा अधिक होत्या. म्हातारपणच्या झटक्याचा पाया बाळपणीं घातला जातो, हें तेव्हां निश्चित झालें.

मुलांच्या रक्तांतील या बिघाडाचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. आणि त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये. पहिला प्रकार वंशाचा. १९३८ सालीं नॉर्वेंतील कार्ल म्युलर यांनीं कांहीं घराण्यांत वाढलेलें कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हे हातांत हात घालून पिढ्यान् पिढ्या चालत आल्याचें दाखविलें. त्याचें कारण १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं शोधून काढलें. निरोगी माणसाच्या पेशीवर एल.डी.एल.ची नाव लागण्यासाठीं जणूं धक्के असतात. या मुलांच्या पेशींवर ते निम्मे असतात किंवा मुळींच नसतात. नाव लागेल कोठें? ती रक्तांतच फिरत राहते. या शोधाला १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आईकडून किंवा वडिलांकडून असा एकेरी दोष सुमारें अडीचशें-तीनशें माणसांत एकाला असतो. दोन्हींकडून दोष आला तर मात्र मूल लहानपणींच संकटांत सांपडतें. कोंपर, गुडघा, टांच येथें पिंवळसर गांठी दिसूं लागतात आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयांतहि येऊं शकतो. १९८४ सालीं अमेरिकेंत स्टॉर्मी जोन्स नांवाच्या सहा वर्षांच्या मुलीचें हृदय आणि यकृत हीं दोन्ही एकाच वेळीं बदलावीं लागलीं, तीं याच व्याधीमुळें.

आपल्या महाराष्ट्रांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल अनेक समाजांत रूढ आहे. एकाच आजोबांकडून आलेला एकेरी दोष अशा लग्नांत पणतवंडाच्या ठायीं दुहेरी होण्याचा संभव वाढतो. यांत कोणाला नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. परंतु ज्या घरांत चाळिशी-पंचेचाळिशीच्या आंत कोणी हृदयविकारानें गेलें असेल, त्या घरांतील मुलांचें रक्त एकदां तपासून घ्यावें, हें सांगणें कर्तव्य आहे. या मुलांना केवळ पथ्यानें गुण येत नाहीं. त्यांना आठव्या-दहाव्या वर्षापासून औषध द्यावें लागतें, आणि तें वेळेवर मिळालें तर त्यांचें आयुष्य वांचतें.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. हा प्रकार घराण्याचा कमी आणि इतिहासाचा अधिक. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें २०१६ ते २०१८ या काळांत जन्मापासून एकोणीस वर्षांपर्यंतच्या एक लक्षाहून अधिक मुलामुलींच्या पोषणाची पाहणी केली, आणि त्यांपैकीं अनेकांचें रक्तहि तपासलें. २०१९ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला. पांच ते नऊ वर्षांच्या मुलांत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेलीं मुलें शेंकडा अवघीं ३, एल.डी.एल. वाढलेलीं ४, परंतु ट्रायग्लिसराइड वाढलेलीं शेंकडा ३४, आणि परतीची नाव, म्हणजे एच.डी.एल., उणी असलेलीं २६! दहा ते एकोणीस या वयांत हेच आंकडे अनुक्रमें ४, ४, १६ आणि २८ असे आहेत. म्हणजे आपल्या मुलांच्या रक्तांतील मुख्य बिघाड आजीला वाटतो तो नव्हे. ज्या कोलेस्टेरॉलच्या भयानें तुपाची वाटी उचलली गेली, तें बहुतेक मुलांत बेतांतच आहे. बिघडलें आहे तें इंधनाचें माप आणि परतीची वाहतूक. ध्यानांत घ्या, हीं मुलें सगळीं लठ्ठ नाहींत. याच पाहणींत पांच ते नऊ वर्षांचीं कितीतरी मुलें वयाच्या मानानें खुजीं व रोडकीं आढळलीं. किडकिडीत देह आणि रक्तांत मेद, हें कोडें सुटावें कसें?

तें सोडविण्यासाठीं आपण नगरला जाऊं. या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यांत कळसूबाईचें शिखर आहे, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १,६४६ मीटर. तेथें पाऊस धोधो कोसळतो. परंतु सह्याद्रि ओलांडून ढग पूर्वेकडे सरकले कीं त्यांची ओटी रिकामी होते. पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा मुलूख पर्जन्यछायेंत पडतो. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचें माडगें, अंबाडीची भाजी आणि पाऊस चुकला कीं उपास, असा या भागाचा पिढीजाद आहार.

१८७६ सालीं पाऊस फिरला आणि सबंध दख्खन दोन वर्षें होरपळून निघालें. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनहि कमी धान्य, आणि वर थोडे पैसे, इतकें पुरे होतें, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं मांडला. पुढें तेच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं या मापाला कडाडून विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाचा जीव इतक्यावर तगणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. खडी फोडणाऱ्यांत बायकाहि होत्या, आणि त्यांतील कित्येक दोन जिवांच्या असणार. एक पौंडाच्या त्या हिशेबांत पोटांतल्या जिवाला कोठून जागा मिळणार? यानंतर १८९६-९७ आला, लागोपाठ १८९९-१९०० चा आला. माणसें मेलीं त्यांची गणती सरकारी दप्तरांत आहे. जीं जगलीं, आणि त्या अर्धपोटीं आयांच्या उदरीं जन्मून वाढलीं, त्यांचें काय झालें हें मात्र कोणत्याच दप्तरांत लिहिलेलें नाहीं. तें लिहिलें गेलें असेल तर त्यांच्या देहांत.

अगदीं अलीकडचा मोठा घाला १९७२ चा. आज साठी-सत्तरी गांठलेल्या नगरकरांना त्या वर्षाची सुकडी आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो अजून आठवते. खडी फोडण्याचीं व पाझर तलावांचीं कामें निघालीं, लाखों हातांना काम मिळालें, आणि त्या अनुभवांतूनच पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. माणूस वांचला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु वांचणें निराळें आणि पोसणें निराळें.

याच जिल्ह्याचा दुसरा इतिहास पाण्याचा आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. कालव्यांच्या कांठीं ऊंस उभा राहिला. बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना याच कालव्यांच्या आधारावर निघाला. त्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील यांनीं लोणी परिसरांतील शेतकऱ्यांना एकत्र केलें, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशीं उभा राहिला, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप झालें. त्या उदाहरणावरून महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले. त्यांच्याबरोबर शाळा आल्या, दवाखाने आले, दूध संघ आले. ज्या मुलुखांत गूळ हा सणावाराचा पदार्थ होता, तेथें साखर घरोघरची झाली. पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देण्याची रीत मागें पडली आणि दिवसांतून तीनदां गोड चहा आला. पुढें चहाबरोबर बिस्किट आलें, बिस्किटामागून बाटलींतलें गोड पेय आणि पुडींतलें तळलेलें खाणें आलें. साखरेला अपराधी ठरविण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. भुकेल्या जिल्ह्याला तिनें वर काढलें. परंतु दुष्काळानें घडविलेल्या देहांत तिचा ओघ एकदम शिरला म्हणजे काय होतें, हा प्रश्न इतिहासाला विचारलाच पाहिजे.

त्याचें उत्तर नगरच्या सीमेपलीकडेच मिळालें. नगर-पुणें रस्त्यानें घोडनदी ओलांडली कीं पुणें जिल्हा लागतो. परंतु जमीन तीच, पाऊस तसाच, भाकरीहि तीच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या सहकार्यानें पुण्याच्या आसपासच्या अशाच सहा कोरडवाहू गांवांत १९९३ सालीं एक पाहणी सुरू केली. गरोदर होण्यापूर्वींच स्त्रियांचीं वजनें घेतलीं. सरासरी भरली सुमारें ४२ किलो. मग त्यांचा आहार टिपला, आणि जन्मलेलें प्रत्येक मूल मापलें. त्या बाळांचें सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५. इतकें अपेक्षितच होतें. परंतु २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत एक चमत्कार नोंदविला गेला. पुण्याकडील बाळाचें पोट लहान, दंड बारीक, स्नायु उणे. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. बाळ दिसावयास काटकुळें, आणि आंतून मेदयुक्त! याज्ञिकांनीं त्याला ‘कृश-स्थूल’ अशा अर्थाचें नांव दिलें.

याचा अर्थ असा लावतां येतो. आईच्या उदरांत शिधा तुटपुंजा असला म्हणजे गर्भ एखाद्या कसलेल्या गृहिणीप्रमाणें काटकसर करतो. मेंदूला प्रथम वाढतो. आडवेळेसाठीं थोडी चरबी गांठीला बांधतो. आणि कात्री लावतो ती स्नायूंना, यकृताला, स्वादुपिंडाला. ही व्यवस्था पुढेंहि भूकच असेल या हिशेबानें केलेली असते, आणि भूक असेल तर ती उत्तम. परंतु स्नायु हें साखर जाळण्याचें मुख्य ठिकाण. तेंच लहान, तेव्हां पुढें साखरेचा व पिठाचा पूर आला, तर ती साखर जावयाची कोठें? ती यकृताकडे वळते, यकृत तिचें ट्रायग्लिसराइड बनवून रक्तांत सोडतें, आणि अशा मेदानें रक्त भरलें कीं एच.डी.एल.च्या नावाहि भलत्याच मालानें भरून लवकर मोडींत निघतात. एक आंकडा चढतो तो याच कारणानें, आणि दुसरा उतरतो तोहि याच कारणानें. राष्ट्रीय पाहणींतील ३४ आणि २६ हे आंकडे असे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

हा तर्कच आहे काय, असें कोणी विचारील. पुण्यांतच त्याचा पडताळा झाला होता. के.ई.एम. रुग्णालयांत १९८७ ते १९८९ या काळांत जन्मलेल्या मुलांपैकीं ४७७ मुलें आठ वर्षांचीं झाल्यावर डॉ. आशीष बावडेकर, डॉ. याज्ञिक व डॉ. फॉल यांनीं त्यांचें रक्त तपासलें, आणि १९९९ सालीं निष्कर्ष मांडले. आजचें वजन सारखें धरलें तर जन्मतः हलक्या असलेल्या मुलांत एकूण कोलेस्टेरॉल आणि एल.डी.एल. अधिक आढळलें, आणि सर्वांत अधिक कोणांत? जन्मतः लहान, पण आठव्या वर्षीं अंगांत चरबी सांठलेल्या मुलांत. भूक आणि भरती यांची गांठ जेथें पडली, तेथें रक्त बिघडलें. तेंहि आठव्या वर्षीं!

दूरच्या एका देशानेंहि अशीच साक्ष दिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, जर्मन सैन्यानें हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. त्या कांहीं महिन्यांच्या दुष्काळांत ज्यांच्या आया नुकत्याच गरोदर होत्या, त्यांचें रक्त पन्नास वर्षांनंतर तपासलें गेलें; त्यांतील मेदाचें प्रमाण हृदयाला घातक अशा दिशेनें झुकलेलें आढळलें. हॉलंडचा दुष्काळ एका हिंवाळ्याचा होता. दख्खनचे दुष्काळ पिढ्यांमागून पिढ्यांचे. सारा दोष दुष्काळाच्याच माथीं मारणें योग्य होणार नाहीं. वंशगुणाचा, खेळ सुटल्याचा, जीवनसत्त्वांच्या उणीवेचाहि त्यांत भाग आहे. परंतु भुकेचा इतिहास बाजूला ठेवून या रक्ताचा अर्थ लागत नाहीं, हें खास.

आणि तो इतिहास अजून संपलेला नाहीं, ही यांतील सर्वांत बोंचणारी गोष्ट. पाथर्डी-जामखेडकडून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊंसतोडीला बाहेर पडतात. पहाटेच्या थंडींत कोयता चालविणारी, डोक्यावर मोळी वाहणारी ती बाई कित्येकदां गरोदर असते. जी साखर शहरांतल्या मुलाच्या बिस्किटांत जाते, तिचा ऊंस तोडणाऱ्या बाईच्या पोटांत उद्यांचें काटकुळें बाळ वाढत असतें. पुढें त्या बाळाच्याहि हातीं दोन-पांच रुपयांची गोड पुडी येणारच. दुष्काळ आणि साखर यांची गांठ आपल्याकडे अशी एका फडांतच पडते.

मग यावर उपाय काय? त्याचीहि सुरुवात नगर जिल्ह्यानेंच दाखवून दिली आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य जामखेडला गेलें. मोठें रुग्णालय थाटण्याऐवजीं त्यांनीं खेड्यापाड्यांतल्या बायकांनाच, त्यांतल्या अनेक निरक्षर, गरोदरपणाची काळजी, बाळाचें वजन आणि आहार हें सारें शिकविलें. त्या भागांत पूर्वीं जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत. पुढल्या दोन-अडीच दशकांत हें प्रमाण चौथ्या हिश्श्याच्याहि खालीं आलें. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्यांनीं कोलेस्टेरॉलवर व्याख्यानें दिलीं नाहींत. पण आईचें पोषण हें मुलाचें पहिलें औषध, हें त्यांनीं आधींच ओळखलें होतें.

पुण्याच्या त्या सहा गांवांच्या पाहणींतहि अशीच एक साधी गोष्ट निघाली. बाळाचा आकार आईनें एकूण किती खाल्लें यापेक्षां, तिच्या पानांत पालेभाजी, फळ आणि दूध होतें कीं नाहीं यावर अधिक अवलंबून होता. जवळजवळ दोन-तृतीयांश आयांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व उणें होतें; तें दुधादह्यांत, अंड्यांत व मांसांत असतें, भाकरींत नसतें. म्हणून २०१२ पासून त्याच पाहणींतील वयांत आलेल्या मुलामुलींना, त्यांना स्वतःला मूल होण्याच्या कितीतरी आधींपासून, हें जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग याज्ञिकांनीं हातीं घेतला. नातवाचें रक्त सुधारावयाचें तर आजच्या मुलीपासून आरंभ केला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांना गांवठी वालाचें आणि पालेभाज्यांचें बियाणें जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. परसांतल्या त्या पाल्याचें मोल किती, हें या पाहणीनंतर निराळें सांगावयास नको.

सरकारनेंहि कांहीं पावलें टाकलीं आहेत. २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें शाळांच्या उपाहारगृहांत अति गोड, अति खारट व अति तेलकट पदार्थ विकण्यास बंदी केली. २०२२ पासून वनस्पति तुपासारख्या पदार्थांतील घातक मेदावर शेंकडा २ ची मर्यादा सबंध देशांत आली. हे नियम चांगले आहेत. पण शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी आणि घरांतला डबा यांवर कायद्याची नजर पोंचत नाहीं. तें काम घरचें.

म्हणून शेवटीं पुन्हा त्या आजीकडे येतों. आजीबाई, तुपाची धार बेतशीर असूं द्या, वाटीभर नको. पण भीति धरावयाचीच तर ती बिस्किटाच्या पुड्याची, गोड पेयाच्या बाटलीची आणि दिवसभर एका जागीं बसण्याची धरा. अंडें खात असेल तर सुखानें खाऊं द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हें पानांत राहूं द्या, आणि संध्याकाळीं मुलाला तासभर उन्हामातींत धांवूं द्या. धांवलेल्या पोराचे स्नायु साखर जाळतात. हा उपाय फुकटचा आहे. घराण्यांत अकालीं हृदयविकार असेल तर मात्र घरगुती शहाणपणावर विसंबूं नका, डॉक्टरांकडे जा.

आणि आणखी एक विनंति. त्या मुलाची थोरली बहीण घरांत असेल. भावाच्या रक्ताच्या काळजींत तिचें पान कोणी पाहिलेलें नसतें. सर्वांचें झाल्यावर उरलें-सुरलें खाण्याची रीत आपल्याकडे तिलाच लवकर शिकविली जाते. तिच्या वाटीला दूध आहे काय, तिच्या पानांत भाजी पुरेशी पडते काय, हें आज रात्रीं जेवणाच्या वेळीं एकदां पाहा. दीडशें वर्षांपूर्वीं एका साहेबानें एक पौंड धान्याचा हिशेब मांडतांना पोटांतल्या जिवाला जागा ठेवली नाहीं. तो हिशेब आपल्या स्वयंपाकघरांत तरी चालूं राहूं नये.